वीतभर उजवीकडे

खाऱ्या पाण्याने आमचा बांध फोडला तेव्हा मी पाचवीत होते. गास गावाच्या पलीकडे, खाडीला लागून आमची भाताची दोन खाचरं होती. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध, आणि त्या बांधात एक उघाडी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडायची फळ्यांची झडप. ती उघाडी कुजली होती हे सगळ्यांना माहीत होतं. ती कोणी दुरुस्त करायची यावर दोन वर्षं नुसती बोलणी झाली, आणि एका उधाणाच्या भरतीला फळ्या निघाल्या, त्यांच्यामागून बांधाची चार हात माती गेली. आत आलेलं पाणी पुन्हा पूर्ण असं कधी गेलंच नाही. ओहोटीला निम्मं ओसरायचं, निम्मं खोलगट भागात साचून राहायचं. पुढच्या वर्षी रोपं लावली ती पिवळी पडून गेली. त्याच्या पुढच्या वर्षी लावलीच नाहीत.

आई निर्मळला एका वाडीत मोगरा खुडायला जाऊ लागली. बाबा बोळिंजला जाऊ लागले. तिथे तेव्हा इमारती उठत होत्या, आणि विटा-सिमेंट वाहायला माणसं लागत होती. आपल्या शेतावर कधी दुसऱ्याचा हुकूम न ऐकलेला माणूस, त्याला आता कोणीही 'ए मामा' म्हणून हाक मारायचं. घरी आल्यावर ते याबद्दल बोलत नसत. हातपाय धुवायचे, आणि ओहोटी असेल तर कमठा घेऊन शेताकडे जायचे. शेत म्हणायची सवय गेली नव्हती, म्हणून शेत. तिथे आता फक्त पाणी होतं, आणि पाण्यात मासे. भाकरीबरोबर ताटात जे काही पडायचं ते त्या पाण्यातून यायचं.

कमठा म्हणजे बांबूचं धनुष्य. तीर बांबूच्याच काडीचा, पुढे लोखंडाचं काटेरी टोक, मागे लांब दोरी बांधलेली, म्हणजे मासा लागला की ओढून घेता येतो. आमच्या गावात जाळं टाकणारे पुष्कळ. पण साचलेल्या पाण्याच्या कडेने तिवरं वाढली होती आणि त्यांच्या मुळ्यांत जाळं फाटायचं. कमठ्याने मासा मारणारं घर आमचं एकच. आजोबा मिठागरावर कामाला होते, तिथे शिकले होते, त्यांच्याकडून बाबा.

बाबांना मासा मारताना मी किती वेळा पाहिलं असेल, मोजदाद नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहायचे. इतका वेळ उभे राहायचे की बगळे त्यांना विसरून जवळ यायचे. मग बोय, खाडीतली लहान मासळी, पाण्याच्या वर वर आली की कमठा उचलला, ओढला, सोडला, सगळं एकाच दमात. नेम धरणं असं काही दिसायचंच नाही. डोळा मिटायचा नाही, तिराकडे बघायचं नाही. ते म्हणायचे, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि जिथं तीर जायला पाहिजे तिथं बघ, हात आपोआप जातो. ही गोष्ट खरी आहे, आणि मी ती आज मुलींना याच शब्दांत शिकवते.

पण त्यांच्या शिकवण्याला एक पुढचा भाग होता. मासा दिसतो तिथे बघायचं नाही. चार बोटं खाली बघायचं, आणि वीतभर उजवीकडे. खाली कशासाठी, तर पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते. आणि उजवीकडे कशासाठी, तर खाडी तीर डावीकडे ओढते. 'खाडी ओढते' हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. आजोबा म्हणायचे, बाबा म्हणायचे, मी त्याचा अर्थ कधी विचारला नाही. आई ज्या खात्रीने चुलीला फुंकर घालायची त्याच खात्रीने आम्ही हे बोलायचो.

हिशेब जमायचा तो चार-पाच पावलांवरच. मासा त्याहून लांब असला की बाबांचा तीर हमखास डावीकडे पडायचा. काका कधी कधी बांधावर बसून बघत असत. ते म्हणायचे, "दादाचा तीर पाहुण्यासारखा आहे. बोलावला तिथं येत नाय, शेजारच्या घरी जाऊन बसतो." बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, लांब गेला की खाडी जास्त ओढते. लांबचा मासा आमच्या घराला कधी मिळाला नाही, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं.

मी सहावीत गेल्यावर बाबांनी मला माझ्या उंचीचा हलका कमठा करून दिला. घरात मुलगा नव्हता हे एक कारण. दुसरं म्हणजे मी सारखी मागे मागे असायचे. दोन्ही डोळे उघडे ठेवायला मला पहिल्या दिवशी जमलं. स्थिर उभं राहायला जमलं. वीतभर उजवीकडे बघणंही जमलं, कारण मी सांगितलेलं करणारी मुलगी होते. रिकाम्या पाण्याकडे बघायचं, आणि बाजूला चमकणारी बोय दिसतच नाही असं मनाला समजावायचं. तीर मी बघत होते बरोब्बर तिथेच जायचा. म्हणजे रिकाम्या पाण्यात.

दर वेळी तीर माशाच्या उजवीकडे पडायचा, बाबांना ते समजायचं नाही. ते म्हणायचे, तू जास्त धरतेस. मी माझी वीत पसरून दाखवायचे. ते म्हणायचे, मग तू ऐनवेळी घाबरून हात हलवतेस. मी म्हणायचे, नाही हलवत. तेव्हा मला वाटायचं, खाडी त्यांचा तीर ओढते, माझा ओढत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.

मग तो जिताडा आला.

बाबांच्या उजव्या खांद्यावर सिमेंटची गोणी चुकीची बसली होती, आठ दिवस हात वर होत नव्हता. कामावर जाणं बंद होतं. आई तापाने पडली होती. घरात भात आणि मीठ होतं, आणि शेजारणीने दिलेली वाटीभर आमटी. सकाळी ओहोटीला बाबा नुसतेच शेताकडे जाऊन आले, आणि मला म्हणाले, चल, कमठा घे. साचलेल्या पाण्यात भरतीबरोबर आत आलेला जिताडा अडकला होता. माझ्या हाताएवढा लांब. आमच्याकडे जिताडा म्हणजे जावयाला वाढायचा मासा. बोय मारून आम्ही दिवस काढत होतो, आणि हा एक मासा आठवडाभर पुरला असता, मीठ लावून जास्तच.

बाबा माझ्या मागे उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "वीतभर उजवीकडं. आनि खाली." मी वीतभर उजवीकडे बघितलं. इतकं नीट मी आयुष्यात काही बघितलं नसेल. जिताडा हलतही नव्हता. मी सोडला. तीर त्याच्या उजवीकडून, कल्ल्यापासून बरोब्बर एक वीत अंतरावर, चिखलात रुतला. मासा वळला आणि फुटलेल्या बांधाच्या खिंडारातून, जिथे पाण्याची एक पट्टी अजून वाहत होती, तिथून खाडीत गेला.

बाबा काही वेळ त्या खिंडाराकडे बघत होते. मग म्हणाले, "सांगितलेलं ऐकत नाय ही."

मी म्हटलं, "बाबा, मी वीतभरच धरला होता."

"खोटं बोलू नको."

एवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. माझ्या हातातून कमठा घेतला, घरी आल्यावर मागच्या पडवीत वर खोचून ठेवला, आणि पुन्हा कधी काढून दिला नाही. मी मागितलाही नाही. त्या दिवशी आम्ही भात आणि मीठच खाल्लं. आईने विचारलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले की ऐकत नाय ही.

ते वाक्य मग घरात राहायलाच आलं. मी मीठ कमी घातलं तर ऐकत नाय. शाळेतून उशिरा आले तर ऐकत नाय. काकांनी ते उचललं, काकीने उचललं. दहावीनंतर मी पुढे शिकणार म्हटलं तेव्हा घरात वाद होईल अशी माझी तयारी होती, पण बाबा म्हणाले, ऐकत नाय ती, जाऊ दे. म्हणजे त्या वाक्याचा मला एक फायदाही झाला. पण मी जिद्दीने कॉलेजला गेले असं लोक म्हणतात ते पूर्ण खरं नाही. मला खोटी म्हटलं गेलं होतं, आणि मी खोटी नव्हते. घरात हे एका माणसाने कबूल करावं एवढंच मला हवं होतं. ते कसं सिद्ध करायचं हे मला माहीत नव्हतं. जिताड्याला साक्षीला बोलावता येत नाही.

बारावीच्या वर्षी बाबांचा डावा डोळा गेला. म्हणजे गेला हे त्या वर्षी कळलं, जात बरीच वर्षं असावा. ते डाव्या बाजूने येणाऱ्या सायकलवर आपटले, मग आईने बळेच सरकारी दवाखान्यात नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, या डोळ्याची नजर गेली ती परत येत नाही, दुसरा तरी सांभाळा, रोज थेंब घाला. बाबांनी दोन महिने घातले. मग म्हणायला लागले, दुखत तर नाय, कशाला. मी भांडले. ते म्हणाले, तू कधी माझं ऐकलंस.

त्या सुमारास ते एकदा कमठा घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. तीर सगळे उजवीकडे गेले असं आईला म्हणाले. खाडीने ओढायचंच सोडलं, आता हातात काय राहिलं नाय. मग त्यांचाही कमठा वर गेला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नोटीस बोर्डावर तिरंदाजीची चिठ्ठी लागली होती. इंडियन राउंड, म्हणजे बांबूचं साधं धनुष्य, त्याला नेम धरायचं कसलंही यंत्र नाही. मला बांबूचं धनुष्य येत होतं. बाकी मुलामुलींना त्याची दोरी चढवता येत नव्हती, मी पहिल्या दिवशी चढवली. याचा मला गर्व वाटला आणि आजही वाटतो.

शिकवायला एक मॅडम होत्या, मुंबईत वाढलेल्या, बोलताना निम्मं इंग्रजी. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या निशाणाच्या फळीसमोर उभं राहून बराच वेळ बघितलं. सहाही तीर मुठीत मावतील इतके जवळजवळ, आणि सगळे मधल्या पिवळ्या गोलाच्या उजवीकडे.

"अगं, ग्रुप मस्त आहे तुझा. पण सगळे राइटला का जातायत? बघतेस कुठे तू?"

मी खरं ते सांगितलं. वीतभर उजवीकडे बघते.

"का?"

"खाडी ओढते म्हणून."

मैदानावर जो हशा पिकला तो अजून कानात आहे. एक मुलगा म्हणाला, परीक्षेचे मार्कही खाडीच ओढते का तुझे. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला दोन्ही हात समोर लांब करायला लावले, पंजे जोडून मध्ये छोटीशी खिडकी ठेवायला सांगितली आणि तिच्यातून गेटवरचा दिवा बघायला सांगितलं. मग एक डोळा मिटायचा, मग दुसरा. डावा मिटला तरी दिवा खिडकीत होता. उजवा मिटल्याबरोबर दिवा पळाला. "राइट आय," त्या म्हणाल्या. "हाताने राइट, डोळ्याने राइट. तू सरळ बघ. बस."

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे डोळे तपासले आणि समजावून सांगितलं. दोन डोळ्यांपैकी एकाचं मेंदू जास्त ऐकतो. दोन्ही उघडे ठेवून तीर मारणाऱ्याला हे कळतही नाही, तो आपला समोर बघत असतो. पण तीर असतो उजव्या गालाशी, आणि माणूस डाव्या डोळ्याचा असेल, तर तो डोळा तिराचं टोक त्याच्या जागेवरून निशाणावर आणतो. मग तीर तिरपा होतो आणि डावीकडे जातो. जेवढं लांब तेवढा जास्त डावीकडे. आमच्यात एक मुलगी तशी निघाली. मॅडमनी तिला धनुष्य उलट्या हातात धरायला लावलं. ती तीन महिने रडत होती, आणि मग आमच्या सगळ्यांच्या पुढे गेली.

मी मैदानाच्या कडेला जाऊन बसले. मॅडमना वाटलं, मुलांच्या हसण्याचं वाईट वाटलं.

माझ्या डोळ्यांसमोर बाबा तीर करत बसलेले होते. बांबूची काडी ते विस्तवावर शेकायचे आणि सरळ झाली का बघायला डोळ्याला लावायचे. डाव्या डोळ्याला. उजवा मिटून. कमठ्याचा बांबू तसाच बघायचे, खाटेचा पाय तसाच. सुईत दोरा ओवताना मान जराशी उजवीकडे वळवून डावा डोळा पुढे आणायचे. मी हे हजार वेळा पाहिलं होतं. चार बोटं खाली हे पाण्याचं होतं, ते सगळ्यांनाच लागू होतं. वीतभर उजवीकडे हे एका माणसाच्या एका डोळ्याचं होतं, कदाचित आजोबांच्याही, आणि त्यांनी ते सगळ्या जगाचं समजून मला दिलं. मी तेव्हा खरंच ऐकलं नसतं, मासा दिसत होता त्याच्या फक्त चार बोटं खाली बघितलं असतं, तर जिताडा लागला असता.

आणि आता त्यांच्यावर ती हातांच्या खिडकीची परीक्षा करता येत नव्हती. जो डोळा तपासायचा तोच गेला होता.

सरळ बघायला शिकायला मला पाच महिने लागले. पिवळ्या गोलाकडे थेट बघताना चोरी केल्यासारखं वाटायचं. नजर आपोआप उजवीकडे सरकायची, आणि मॅडम मागून म्हणायच्या, खाडी सोड. घरी मी काही बोलले नाही. काय सांगणार होते. बाबा कामावरून आले की आता भिंतीला टेकून बसायचे, उजवा डोळा अजून समोरचं दाखवत होता, कडेचं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी सकाळची ओहोटी होती. मी पडवीतून त्यांचा कमठा काढला, नवी दोरी लावली आणि त्यांना म्हटलं, चला. ते नाही म्हणाले. आई म्हणाली, पोरगी बोलावते तर जा की. मग चपला घालून निघाले.

पाण्यात बोय होत्या. बाबांनी जागा घेतली, पाय नीट रोवले. ते जुनंच उभं राहणं होतं, फक्त बगळ्यांना जवळ यायला वेळ लागला. त्यांनी ओढला आणि सोडला. तीर माशाच्या उजवीकडे, वीतभर. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दोरी ओढत म्हणाले, बघितलंस.

मी म्हटलं, "आता वीत धरू नका. मासा दिसतो तिथंच बघा. फक्त खाली चार बोटं."

"खाडी ओढते."

"खाडी ओढत नाही, बाबा. तुमचा डावा डोळा ओढायचा."

ते वळून उभे राहिले. मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं, जमेल तसं, तिथे चिखलातच. हाताच्या खिडकीचं सांगितलं. विस्तवावर शेकलेल्या काडीचं सांगितलं. लांबच्या माशाचं सांगितलं. मी थांबले तेव्हा ते परत पाण्याकडे वळले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, आता घरी जाऊ म्हणतील. मग त्यांनी कमठा उचलला.

बोय मधोमध लागली.

दोरी त्यांनी ओढली नाही. मासा पाण्यात फडफडत होता, ते बघत होते. शेवटी मी दोरी ओढली आणि मासा काढून टोपलीत टाकला.

"म्हंजे डोळा व्हता तवर मी तिरपा मारत व्हतो," ते म्हणाले. "आनि आता डोळा गेला तर सरळ."

मी टोपली बांधावर ठेवली.

"त्या जिताड्याला तू वीतभर धरला व्हतास?"

"हो."

"सांगितलं व्हतंस तू मला."

"हो."

"हां," ते म्हणाले. आणि तिराचं टोक धुवायला लागले. टोक स्वच्छ झालं तरी बराच वेळ धुवत राहिले.

घरी येताना त्यांनी मला आजोबांची गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी ऐकली नव्हती. मिठागरावर आजोबा एका डोंगराकडच्या माणसाकडून शिकत होते, आणि त्यांचा प्रत्येक तीर डावीकडे जायचा. त्या माणसाचा जायचा नाही. आजोबांनी विचारलं, माझाच का जातो. तेव्हा तो म्हणाला, तुम्ही खाडीची माणसं, तुमचा तीर खाडी ओढते.

मी विचारलं, "हसत होता का तो, सांगताना?"

बाबा चालता चालता थांबले. "हसायचाच तो नेहमी," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बापूस माझा मात्र हसला नाय."

मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. सात-आठ वर्षं मी ते 'सांगितलं व्हतंस' ऐकायला थांबले होते, आणि ते मिळालं तेव्हा माझ्याशेजारी एक डोळा गेलेला माणूस चालत होता, ज्याला आत्ताच कळलं होतं की चाळीस वर्षं खाडीला दिलेला दोष तिचा नव्हताच. हे मी त्यांना सांगायला नको होतं का, असा विचार मी तेव्हापासून पुष्कळदा केला आहे. न सांगता ते मेले असते तर मला खोटी समजून मेले असते. सांगितलं तर हे असं. दोन्हींतलं बरं कुठलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर ते दोन-तीन वेळाच मासे मारायला गेले. लागायचे, पण त्यांना त्यात रस राहिला नाही असं आई म्हणायची. एकदा मी विचारलं तर म्हणाले, सरळ मारण्यात काय, ते कोनालाही येईल. थेंब मात्र घालू लागले. आईला न सांगता स्वतःच घालायचे, निम्मे गालावर सांडायचे. उशीर झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीची हळद होती. मांडवात माणसं गच्च, बेंजो सुरू, बायका गाण्याच्या भरात. मी विद्यापीठाच्या निवड चाचणीवरून परस्पर आले होते, धनुष्याची लांब पिशवी खांद्यावर. काकांनी मला बघितलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आली आमची शिकारी. बापाचं एक अक्षर ऐकलं नाय कधी, बघा, तरी निशानेबाज झाली." लोक हसले. काकांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांना कौतुकच करायचं होतं, फक्त ते दुसऱ्या पद्धतीने करता येतं हे त्यांना माहीत नाही.

बाबा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. तोपर्यंत उजवा डोळाही इतका अधू झाला होता की त्यांना माणूस आवाजावरूनच ओळखावा लागत होता. काकांचा आवाज आला त्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, "ऐकलं तिनं."

काका म्हणाले, "काय?"

"ऐकलं तिनं माझं. ऐकलं म्हनूनच चुकली. तू ते वाक्य आता बोलू नको."

बेंजोत किती जणांना ऐकू गेलं कोणास ठाऊक. काकांना गेलं. ते जरा गोंधळले, मग कोणाला तरी सरबत आणायला सांगून आत गेले. मी पिशवी खाली ठेवली आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने आईने येऊन आमच्या दोघांच्या गालांना हळद लावली.

विद्यापीठाच्या स्पर्धेला ते येऊ शकले नाहीत. संध्याकाळी मी फोन केला. शेवटचे तीर कुठे लागले, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन मध्ये, एक जरा खाली. "खाली का?" ते म्हणाले. मी म्हटलं, हात थकला होता. ते म्हणाले, थकतो.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटची दोन वर्षं त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी बी.ए.चं प्रमाणपत्र घरी आणलं तेव्हा त्यांना ते दिसलं नाही आणि आईला वाचता येत नाही, म्हणून ते मीच मोठ्याने वाचलं, शिक्क्यावरच्या अक्षरांसकट. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

स्पर्धेत मी तिसरी आले होते. आता एका शाळेत तिरंदाजी शिकवते. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली.